सुरा गाळींव कीं धारेची ?

अहिल्यानगर जिल्ह्यांत हातभट्टीवर छापा पडला म्हणजे पंचनाम्यांत 'कच्चें रसायन' नष्ट केल्याची नोंद होते. (चरकाच्या रसायनाची ही दशा !) त्या आंबवणाची वाफ थंड करून जी काढितात ती 'पहिल्या धारेची'. ही बोली कानांत बसल्यामुळें ग्रंथांतील सुराही धारेचीच असणार, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. तें चुकलें, असें आतां आमचें मत झालें आहे.

शार्ङ्गधरसंहितेंत सुरेचे थर सांगितले आहेत. वरची निवळ ती प्रसन्ना, तिच्याहून दाट कादंबरी, तिच्याखालीं जगल, जगलाहून दाट मेदक, आणि सार निघून गेल्यावर उरतो तो बक्कस. वाफेपासून झालेल्या द्रवास असे थर येत नाहींत. ते धान्याच्या आंबवणासच येतात. आंबवण करणारापुढें अडचण ही कीं, भिजून फुगलेला दाणा पुष्कळसा रस आपल्यापाशींच धरून ठेवितो. पिळावा तर रस वाढतो, पण गढूळ येतो. नुसता निथळूं द्यावा तर निवळ येतो, पण थोडा. प्रसन्नेपासून बक्कसापर्यंतचीं नांवें ह्या ओढाताणींतूनच निघालेलीं दिसतात.

गाळण्याची ही चाल फार जुनी. सौत्रामणी यागांत मोड आलेलें धान्य, लाह्या व नग्नहू यांची सुरा करून ती केसांच्या गाळणींतून शुद्ध करीत. वेदांतील 'कारोतर' म्हणजे गाळणी. अमरकोशांत मात्र 'कारोत्तर' म्हणजे सुरेचा मंड. साधनाचें नांव साध्याला चिकटलें !

1909 सालीं शामशास्त्री यांनीं छापविलेल्या अर्थशास्त्रांत मेदकाचें प्रमाणच दिलें आहे : पाणी 1 द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व 3 प्रस्थ. द्रोणाचे 16 प्रस्थ धरल्यास तांदुळाच्या आठपट पाणी होतें. परंतु किण्व हेंही उडीद-तांदुळाचेंच असल्यामुळें, तें हिशेबांत घेतां पाणी तिप्पटीहून थोडेंसेंच अधिक राहतें. येथें मेदक हा थर नसून स्वतंत्र पेय आहे, हा शार्ङ्गधराशीं विरोध लपविण्याचें कारण नाहीं. एवढा तपशील देणारा कौटिल्य धारेविषयीं मात्र अक्षर बोलत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील जोर्वे येथें 1950-51 मध्यें सांकळिया व देव यांनीं उत्खनन केलें, त्यांत तोटीचीं तांबडीं भांडीं निघालीं. पुढें नेवाशासही तशींच सांपडलीं. तळचा गाळ न हलवितां वरची निवळ ओतण्यास तीं सोयीचीं खरीं. पण पाण्यासही तितकींच सोयीचीं. तेव्हां तीं आमच्या पक्षाच्या पुराव्यांत आम्हीं धरलेलीं नाहींत.

तरुणपणीं अमरकोशाच्या समासांत आम्हीं 'सुरा, म्हणजे दारू' असें लिहिलें होतें. परवां त्यापुढें 'गाळींव' एवढा शब्द वाढविला.