खांदा, छाती आणि कणा: सोलापूरच्या कारखान्यांतील इजांचा इतिहास
सोलापुरात यंत्रावर होणाऱ्या इजांचा इतिहास १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपर्यंत मागे जातो. त्या काळच्या गिरण्यांत इंजिनाची शक्ती छताजवळ फिरणाऱ्या शाफ्टवरून चामडी पट्ट्यांनी साच्यांपर्यंत पोचे. चालत्या पट्ट्यात सदऱ्याची बाही किंवा धोतराचा सोगा अडकला की हात खेचला जाई. खांदा निखळे, हिसका मोठा असेल तर मानेतून हाताकडे येणारे मज्जातंतूच तुटत आणि हात जागेवर असूनही कायमचा लुळा पडे.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद केली. भरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्याने आला. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात उजवा हात कोपरापासून किंवा त्यावर तुटल्यास कमाईची ७० टक्के क्षमता गेली असे धरले होते, डाव्यासाठी ६० टक्के. पाठीच्या कण्याची मात्र त्या यादीत नोंद नव्हती. कमरेखाली लुळ्या पडलेल्या कामगाराची कमाई किती बुडाली, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने चालत्या यंत्राजवळचे तेलपाणी फक्त प्रशिक्षित, अंगासरशी कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषावर सोपवले. दर १५० कामगारांमागे प्रथमोपचार पेटी सक्तीची झाली. त्याच वर्षी कामगार राज्य विम्याचाही कायदा झाला.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि उद्योग पुणे रस्त्यावरच्या चिंचोळीसारख्या, महामंडळाच्या औद्योगिक वसाहतींत विखुरला. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आल्याने पट्ट्यांचे जाळे गेले, पण अशा वसाहतींत शेडच्या पत्र्यावरून पडणे, मालाखाली दबणे आणि महामार्गावरचे अपघात हे धोके उरले. उंचावरून टाचांवर किंवा बैठकीवर पडल्यास पाठ आणि कंबर यांच्या सांध्यातला मणका चेपतो, त्याचे तुकडे मज्जारज्जूत घुसतात. ट्रक आणि भिंत यांच्यात माणूस सापडला तर फासळ्या मोडून छातीत हवा किंवा रक्त साचते.

छातीवरचा उपाय जुना आहे. जर्मन वैद्य ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये वापरलेली, छातीत घातलेल्या नळीचे बाहेरचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवण्याची रीत रुग्णालयांत अजून चालते. मज्जारज्जूच्या रुग्णाला मात्र शय्याव्रण आणि लघवीचा जंतुसंसर्ग मारत असे. इंग्लंडमध्ये लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून दर काही तासांनी कूस बदलण्याची आणि व्यायामाची शिस्त घालून हे मृत्यू रोखले. महाराष्ट्रात १९५५ साली मुंबईच्या हाजीअलीला पुनर्वसन संस्था निघाली. खडकीत १९७४ पासून जखमी सैनिकांसाठी केंद्र चालते.

२०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोवर जखमीला हातापायांना धरून जीपमध्ये टाकण्याची पद्धत सर्रास होती. तिने मोडलेला मणका आणखी सरकतो. मान आणि पाठ न हलू देता सरळ ठेवून नेणे, हा आज मणक्याच्या इजेवरील प्रथमोपचाराचा महत्त्वाचा नियम मानला जातो.