तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस



विमानाविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले, आणि जे थोडेफार वाचन झाले ते पाळी सुटल्यावर झाले. परंतु यंत्र, यंत्रावर राबणारी माणसे आणि त्या माणसांतली पायरी हा आमच्या नित्याच्या व्यवहारातला विषय आहे. आज जी हकीकत सांगावयाची आहे ती दिसावयास विमानाच्या चाकाची आहे. वास्तविक ती या पायरीची आहे.

प्रथम चाकाविषयी. जेट विमान जमिनीवरून उठले की त्याची चाके आत दुमडून घेतली जातात. उतरण्याची वेळ आली म्हणजे वैमानिक एक दांडा खाली ओढतो, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा चाके बाहेर काढते, आणि ती आपापल्या जागी घट्ट अडकली म्हणजे वैमानिकासमोर हिरवे दिवे लागतात. आपल्या खुर्चीवरून वैमानिकास चाक दिसत नाही. त्यास दिसतो तो दिवा. तेव्हा दिवा लागला नाही तर बिघाड चाकात आहे की दिव्यात, हे त्याला आकाशातच ठरवावे लागते. आणि ते ठरवीत असताना विमान उडतच असते, इंधन जळतच असते. बैलगाडीचे चाक निखळले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात कड नाही.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे एक ट्रायस्टार विमान न्यूयॉर्कहून मायामीस उतरत होते. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. विमान दोन हजार फुटांवर स्वयंचलित यंत्राच्या हवाली करून चालकवर्ग त्या दिव्याच्या मागे लागला. कोणी दिवा काढून पाहत होता, कोणी खालच्या कोठडीत उतरून चाक पाहत होता. या धांदलीत स्वयंचलित यंत्राचा उंची राखणारा भाग सुटला आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. जमिनीवरच्या नियंत्रकास पडद्यावर उंचीचा आकडा कमी दिसला. त्याने ‘तुमचे कसे काय चालले आहे’ अशा अर्थाची चौकशी केली. उंचीचा शब्द उच्चारला नाही. काही क्षणांत विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. १०१ माणसे गेली. चौकशीत निघाले ते असे की चाक व्यवस्थित उतरलेले होते. दिव्याचे बल्ब जळाले होते.

आता आमच्या मुख्य कथेकडे वळू. तीही डिसेंबरातलीच. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून निघून डेन्व्हरमार्गे ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरी येत होते. चार इंजिनांचे डीसी-८ जातीचे विमान. आत १८१ उतारू आणि ८ कर्मचारी. हवा स्वच्छ होती. चाके सोडली तोच जोराचा दणका बसला आणि विमान एका बाजूस हिसकले. उजव्या बाजूचे चाक ज्या दट्ट्याच्या आधाराने सावकाश खाली यावयाचे, त्याच्या टोकाच्या बोल्टचे आटे गंजले होते. तो निसटला आणि चाक आपल्या वजनाने धाडकन खाली आले. त्या धक्क्यात दिव्यास खबर पोहोचविणारा लहानसा स्विच निकामी झाला. चाक उतरले होते. त्याचा दिवा मात्र लागला नाही. पंखावर चाकांची स्थिती दाखविणारी एक साधी खूण असते. ती चाके उतरून अडकल्याचे सांगत होती. परंतु एवढा दणका बसल्यावर नुसत्या खुणेवर विसंबावे कसे?

कॅप्टनने विमान शहराच्या आसपास घिरट्या घालीत ठेवले. त्या काळच्या विमानांत चालकांच्या कोठडीत तीन खुर्च्या असत. पहिली कॅप्टनची, दुसरी सहवैमानिकाची, आणि तिसरी फ्लाइट इंजिनिअरची, म्हणजे इंजिने, तेल व इंधन यांच्या तबकड्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाची. कॅप्टन जुना, अनुभवी आणि काळजीवाहू होता. चाक मोडले तर उतारूंनी वाकून कसे बसावे, बाहेर कोणत्या दारांनी पडावे, याची सिद्धता नीट व्हावी म्हणून तो वेळ देत होता. रेडिओवरून कंपनीच्या जाणकारांशी त्याचे बोलणे झाले. सर्व काही पुस्तकाप्रमाणे चालले होते. या सर्वांत तासभर गेला.

इंधनाचे काटे तिसऱ्या खुर्चीसमोर होते आणि ते उतरत होते. कॅप्टनने आणखी पंधरा मिनिटांच्या हिशोबाने आकडे काढावयास सांगितले, तेव्हा तेवढ्या वेळाने इंधन फारच कमी पडेल, असे इंजिनिअरने सांगितले. सहवैमानिकानेही इंधनाची विचारणा केली. दोघेही बोलले. परंतु ‘आता एक मिनिटही थांबता येणार नाही, विमान उतरवा’, असे खणखणीत शब्द कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. अखेर एक इंजिन बंद पडू लागले. ते का बंद पडते आहे, असे कॅप्टनने विचारले. इंधन संपल्यामुळे, असे उत्तर आले. मागोमाग बाकीचीही थंडावली. सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास, अंधारात, विमानतळापासून सुमारे ६ मैलांवर वस्तीजवळच्या झाडीत ते विमान आदळले. इंधन नसल्यामुळे आग लागली नाही. ज्या उणिवेने विमान पाडले तिनेच १७९ जणांस वाचविले. दहा मृत्यू पावले : आठ उतारू आणि दोन कर्मचारी. त्या दोघांपैकी एक तिसऱ्या खुर्चीवरचा इंजिनिअर होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७९ मध्ये अहवाल दिला. कॅप्टनने इंधनाकडे लक्ष दिले नाही आणि साथीदारांच्या सूचनांस योग्य तो प्रतिसाद दिला नाही, हे त्यात मुख्य कारण म्हणून नोंदले आहे. एका माणसाच्या माथी खापर फोडून फाइल बंद करण्याची रीत आम्ही पुष्कळ चौकश्यांत पाहिली आहे. हे मंडळ तेथे थांबले नाही. इतर दोघांस धोक्याची पुरी जाणीव झाली नाही, किंवा झाली तरी ती कॅप्टनपर्यंत परिणामकारक रीतीने पोहोचविता आली नाही, हेही त्याने लिहिले. आणि शिफारस केली की कॅप्टनांना सर्वांस सहभागी करून घेण्याचे, तर इतरांना ठामपणे बोलण्याचे शिक्षण द्यावे.

ठामपणे बोलणे शिकवावे लागते काय? आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांमागे एका लहान कारखान्यातून आम्हांस बोलावणे आले. प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाची दोन बोटे गेली होती. पायदान एकदा दाबले की प्रेसने एकच ठोका मारावयाचा. तो अधूनमधून आपोआप दुसरा मारू लागला होता. शेजारच्या कंत्राटी हेल्परास हे चार दिवसांपासून ठाऊक होते. आम्ही त्यास विचारले, “अरे, मग फोरमनला सांगितलं का नाहीस?” तो खाली मान घालून म्हणाला, “सांगितलं होतं, भाऊ. प्रेस जरा डबल मारतोय वाटतं, असं म्हटलं होतं.” ते ‘जरा’ आणि ते ‘वाटतं’ आम्ही अद्याप विसरलो नाही. त्याला वाटत नव्हते, त्याला माहीत होते. परंतु ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती असते, तो माहीत असलेली गोष्टसुद्धा वाटते म्हणून सांगतो. पोर्टलंडच्या आकाशातला इंजिनिअर शिकलेला, चांगल्या पगाराचा माणूस होता. तरीही तो आणि आमचा हेल्पर एकाच शाळेत वाढले होते, असे आम्हांस वाटते.

१९७९ मध्येच अमेरिकेच्या नासा संस्थेने या प्रश्नावर तज्ज्ञांची परिषद भरविली, आणि १९८१ मध्ये युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांसाठी नवा शिक्षणक्रम सुरू केला. पुढे त्यास ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे नाव रूढ झाले. हे शिष्टाचाराचे वर्ग आहेत, अशी काही वैमानिकांनी थट्टाही केली. परंतु त्याच कंपनीचे डीसी-१० विमान १९ जुलै १९८९ रोजी आकाशात पंगू झाले. शेपटीकडचे इंजिन फुटून तेलाच्या दाबाच्या तिन्ही यंत्रणा गेल्या. तेव्हा त्याच्या कॅप्टनने उतारूंत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकासही मदतीस घेतले आणि सर्वांच्या सल्ल्याने विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. या शिक्षणाचा आपणांस उपयोग झाला, हे त्या कॅप्टनने पुढे आवर्जून सांगितले.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. नुसते ‘बोला’ म्हणून कोणी बोलत नाही. १९७६ पासून अमेरिकेत अशी व्यवस्था आहे की वैमानिकाने वा नियंत्रकाने स्वतःची चूक वा दिसलेला धोका नासाकडे कळवावा. त्याचे नाव गुप्त राहते, आणि जाणूनबुजून न केलेल्या चुकीबद्दल शिक्षेतून बऱ्याच अंशी सूट मिळते. नोंद ठेवणारा आणि दंड करणारा असे दोन हात वेगळे ठेवले. बोलणाऱ्यास संरक्षण दिले, तेव्हा लोक बोलू लागले. आम्ही कामगार चळवळीतले लोक यास हक्क म्हणतो. विमानवाल्यांनी त्यास सुरक्षा म्हटले. वस्तू एकच आहे.

अखेरची हकीकत वॉर्साची. १ नोव्हेंबर २०११ रोजी पोलंडच्या लॉट कंपनीचे बोइंग ७६७ विमान अमेरिकेतील न्यूअर्कहून २३१ माणसे घेऊन निघाले. उड्डाणानंतर लगेच तेलाची एक नळी फुटली आणि चाके उतरविणारी मुख्य यंत्रणा गेली. विजेवर चालणारी पर्यायी यंत्रणा होती; वॉर्सावर पोहोचल्यावर तीही चालेना. लष्कराच्या दोन एफ-१६ विमानांनी जवळ येऊन पाहिले : एकही चाक बाहेर नव्हते. तासाहून अधिक वेळ घिरट्या झाल्या. तोवर खाली अग्निशामक दल सज्ज झाले, आत सेवकवर्गाने उतारूंची तयारी करून घेतली. मग कॅप्टन तादेउश व्रोना आणि त्यांच्या साथीदारांनी ते प्रचंड विमान पोटावर अलगद धावपट्टीवर टेकविले. ठिणग्या उडाल्या, धूर झाला, आणि सर्वच्या सर्व माणसे सुखरूप बाहेर आली. देशाच्या राष्ट्रपतींनी सर्व कर्मचाऱ्यांचा सन्मान केला.

असे झाल्यावर हार घालून मोकळे होणे सोपे होते. पण चौकशी थांबली नाही. विमान उचलून धरल्यावर यांत्रिकांनी पाहिले, तर सहवैमानिकाच्या बाजूस अगदी जमिनीलगत असलेल्या पाटीवरचा एक सर्किट ब्रेकर उघडा पडला होता. तो आत दाबल्यावर पर्यायी यंत्रणा चालू झाली आणि चाके निमूटपणे बाहेर आली. हवेत असताना तो कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. कोणी मेले नसतानाही, ज्यांचा गौरव झाला त्यांच्याही नजरेतून काय निसटले, हे अहवालात लिहिले गेले. आम्हांस त्या लँडिंगइतकेच हेही मोठे वाटते.

चाके यापुढेही अडकतील. बोल्ट गंजतील, बल्ब जळतील, बटणे सुटतील. यंत्राचा तो धर्म आहे. मायामी आणि पोर्टलंड येथे माणसे चाकाने मारली नाहीत. एका ठिकाणी पाहणाऱ्याने स्पष्ट सांगितले नाही, दुसऱ्या ठिकाणी सांगितलेले ऐकले गेले नाही.

आपल्या कचेरीत, दुकानात, शाळेत, घरातसुद्धा अशी एक तिसरी खुर्ची असते. काटा तिच्यासमोर असतो आणि दांडा दुसऱ्याच्या हाती. आम्ही स्वतः यातून सुटत नाही. आमच्याच संघटनेच्या बैठकीत एखादा नवा पोरगा “भाऊ, हे जरा चुकतंय वाटतं” म्हणाला, तेव्हा “तू बस खाली” असे आमच्याच तोंडून गेलेले आहे. म्हणून जाताना एवढीच विनंती. आपल्या हाताखालच्या माणसाने आपली चूक आपल्या तोंडावर अखेरची केव्हा सांगितली, हे घरी गेल्यावर प्रत्येकाने आठवून पाहावे. आठवले नाही, तर आपल्या चुका होत नाहीत असे समजू नये. इंधन किती उरले आहे, हे कोणी सांगेनासे झाले आहे, असे समजावे.