अतिव्यायाम

व्यायामाचा भार आणि तो भरून काढण्यासाठी शरीराला मिळणारी झोप, अन्न व विश्रांती यांचा मेळ दीर्घकाळ बिघडला की जी अवस्था येते तिला अतिव्यायाम म्हणतात. ती केवळ तासांवरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सुचवला. पण या आकड्यांच्या पलीकडे गेलेला प्रत्येक जण अतिव्यायाम करत असतो असे नाही. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान दोन वेळा मेहनत करतो. त्याच्या दिनक्रमात दूध-तूप-बदामाचा खुराक, मालिश आणि दुपारची झोपही तितकीच पक्की असते. हौशी माणूस जोर-बैठकांचा आकडा तेवढा उचलतो आणि उरलेला अर्धा दिनक्रम सोडून देतो, तिथे गणित चुकते. नोकरी, प्रवास आणि पाच तासांची झोप सांभाळून मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला पैलवानाच्या निम्मी मेहनतही जड जाऊ शकते.

ही मर्यादा आयुर्वेदाने स्पष्ट सांगितली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने आणि इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावा असे म्हटले आहे. अर्धी शक्ती संपली हे ओळखण्याची खूण सुश्रुतसंहितेत सापडते: श्वास तोंडावाटे येऊ लागणे. अतिरेकाची लक्षणे म्हणून तहान, थकवा, खोकला, ताप, उलटी, धाप आणि रक्तस्राव यांची नोंद आहे. मात्र हा सगळा विचार त्या-त्या वेळच्या श्रमाचा आहे. आठवड्यामागून आठवडे साचत जाणारा थकवा वेगळा. तो ओळखणे कठीण.

व्यायामाने स्नायूंवर ताण येतो, त्यांतील ग्लायकोजेनचा साठा घटतो. ताकद वाढते ती नंतरच्या विश्रांतीत. युरोपीय क्रीडाविज्ञान महाविद्यालय आणि अमेरिकन क्रीडावैद्यक महाविद्यालय यांनी २०१३ मध्ये संयुक्त निवेदनात अतिभाराच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत मुद्दाम वाढवलेल्या भाराने कामगिरी थोडी घसरते आणि थोड्या विश्रांतीनंतर आधीपेक्षा सुधारते. प्रशिक्षक ही पायरी जाणूनबुजून वापरतात. दुसरीत सावरायला कित्येक आठवडे लागतात आणि पदरात काही पडत नाही. तिसरी म्हणजे ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. त्यातून बाहेर पडायला महिने जातात, काही खेळाडूंची कारकीर्दच संपते.

ओळखण्यातली खरी अडचण अशी की पहिली लक्षणे आळसासारखी दिसतात. पाय जड वाटतात, नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त दम लागतो, वजन तेच असून उचलवत नाही. शिस्तीचा माणूस यावर एकच उपाय जाणतो: आणखी मेहनत. म्हणून सर्वांत भरवशाची कसोटी साधी आहे. चार-पाच दिवस खरोखर विश्रांती घेऊनही कामगिरी पूर्वपदावर येत नसेल, तर दोष इच्छाशक्तीत नाही. इतर खुणा हिच्या जोडीने पाहाव्यात. अंग थकलेले असून रात्री झोप लागत नाही, भूक मंदावते, सर्दी-पडसे वारंवार होते, चिडचिड वाढते, ज्या धावण्याची ओढ होती त्याचा कंटाळा येतो. मनःस्थितीतला हा बदल अनेकदा रक्ताच्या तपासण्यांच्या आधी दिसतो, आणि तो घरच्यांना आधी कळतो. त्यांचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे. सकाळी उठण्यापूर्वी मोजलेली नाडी स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा काही दिवस सतत वाढलेली असेल तर सावध व्हावे. मात्र ती नेहमीसारखी आहे म्हणून निर्धास्तही राहू नये: काहींत ती वाढत नाही, उलट जोराच्या श्रमातही हृदयाचे ठोके पूर्वीइतके चढत नाहीत. व्यायाम, झोप, नाडी आणि मनःस्थिती यांची दोन ओळींची रोजची नोंद महागड्या घड्याळाइतकीच उपयोगी पडते.

अतिव्यायाम सिद्ध करणारी एकच अशी तपासणी नाही. इतर कारणे वगळत निदान करावे लागते. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, नैराश्य, डेंग्यू-चिकुनगुन्यानंतर रेंगाळणारा अशक्तपणा हे सारे असेच दिसू शकतात. अपुऱ्या आहाराकडे तर हमखास दुर्लक्ष होते. उपवास किंवा वजन घटवण्याचा आहार आणि कडक व्यायाम एकत्र चालवले की शरीर ऊर्जा वाचवण्यासाठी प्रजनन व हाडांची जडणघडण यांवरचा खर्च कापते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळातील या सापेक्ष ऊर्जान्यूनतेकडे लक्ष वेधले. ती पुरुषांतही होते. स्त्रियांमध्ये पाळी लांबणे किंवा थांबणे ही तिची ठळक खूण आहे. ‘खेळाडू मुलींचे असेच असते’ असे म्हणून ती सोडून देणे धोक्याचे आहे, कारण त्या काळात हाडे ठिसूळ होत असतात.

हाडांवरचा अतिभार प्रशियन लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांच्या रूपात नोंदवला. आज त्याला ताण-अस्थिभंग म्हणतात. स्नायूंचे दुखणे पसरट असते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. हाडाचे दुखणे मात्र बोट ठेवून दाखवता येते, धावताना वाढते आणि पुढे रात्रीही जागवते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे निर्दोष येऊ शकतो, तेवढ्यावर विसंबून धावू नये.

काहींच्या बाबतीत भार मुळात मनातून येतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक बेकलँड यांना १९७० च्या सुमारास व्यायाम थांबवल्याचा झोपेवरील परिणाम पाहायचा होता. रोज व्यायाम करणारे पैसे देऊ केले तरी थांबायला तयार होईनात. ताप असताना धावणे, एक दिवस चुकला तर अपराधी वाटणे, खाल्लेले ‘जाळण्यासाठी’ रात्री पुन्हा जिम गाठणे, दुखापत लपवणे या सक्तीच्या खुणा आहेत. अशा वेळी समुपदेशकाची किंवा मनोविकारतज्ज्ञाची मदत लागते.

काही लक्षणांत वाट पाहायची नसते. खूप दिवसांनी एकदम शेकडो बैठका मारल्यावर किंवा नव्या जिममधल्या पहिल्याच जोरदार सत्रानंतर स्नायू फार सुजले, असह्य दुखू लागले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायूंचे घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा होत असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. व्यायामात छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, उन्हात धावताना असंबद्ध बोलणे यांनाही हेच लागू आहे. लांब पल्ल्याच्या धावण्यात तहानेपेक्षा पुष्कळ जास्त पाणी प्यायल्यानेही रक्तातले सोडियम घसरून गोंधळ, उलट्या आणि झटके येऊ शकतात.

उपचाराचा गाभा विश्रांती, पुरेसे अन्न आणि झोप हाच आहे. सौम्य अवस्थेत काही दिवस पूर्ण थांबून मग चालण्यासारख्या हलक्या हालचालीने सुरुवात करतात. आधी कालावधी वाढवतात आणि मगच जोर. झोप व मनःस्थिती ताळ्यावर येण्याआधी वेग वाढवला तर लक्षणे परततात. स्पर्धेची तारीख जवळ असलेल्याला हे पटवणे प्रशिक्षकाचे आणि डॉक्टरचे सर्वांत अवघड काम असते.