मॅट्रिक ते शालान्त परीक्षा : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
माध्यमिक शालान्त परीक्षा ही नावाप्रमाणे शालेय शिक्षणाच्या समाप्तीची परीक्षा होय. तिचा उगम मात्र विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत आहे. या विसंगतीचा खानदेशाच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विद्यापीठीय कालखंड :
१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. प्रारंभी त्याचे मुख्य कार्य अध्यापन नव्हे, तर परीक्षा घेणे हे होते. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे हीच परीक्षा सरकारी नोकरीचीही पात्रता मानली जाऊ लागली. १८८२ च्या हंटर आयोगाने विद्यापीठाकडे नेणारा व व्यावहारिक असे दोन अभ्यासक्रम सुचविले. तथापि प्रतिष्ठा मॅट्रिकलाच राहिली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तरी धुळे, जळगाव, अमळनेर येथील हायस्कुलांचे अंतिम लक्ष्य हेच होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. शाळेचे कार्य परीक्षेपुरते मर्यादित नाही, याची ही साक्षच होय.

मंडळाचा कालखंड :
१९४८ च्या कायद्यान्वये मुंबई राज्यात स्वतंत्र परीक्षा मंडळ आले व मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात आले. १०+२+३ आकृतिबंधानुसार १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीअखेर ही परीक्षा होऊ लागली. पुढे धुळे व जळगाव हे जिल्हे नाशिक विभागीय मंडळाच्या कक्षेत आले. अशा प्रकारे परीक्षेचे प्रशासन खानदेशाच्या जवळ आले. तिचे स्वरूप मात्र फारसे बदलले नाही.

इंग्लंडशी तुलना :
इंग्लंडमध्ये १९१८ पासूनच्या स्कूल सर्टिफिकेटसाठी ठरावीक विषयगटांत एकत्रित यश आवश्यक होते. १९५१ मध्ये ही अट जाऊन विषयवार प्रमाणपत्र आले. एका विषयातील अपयशाने अन्य विषयांतील यश पुसले जाणे तेथे थांबले. आपल्याकडे एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास एटीकेटीद्वारे अकरावीत प्रवेश मिळाला. परंतु ही सवलत पुढील प्रवेशापुरतीच आहे. शाळा येथेच सोडणाऱ्यास तिचा उपयोग नाही.

निष्कर्ष :
परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली, नाव बदलले. परंतु उत्तीर्णतेची कल्पना प्रवेश परीक्षेचीच राहिली. सातपुड्याच्या पायथ्याचा एखादा विद्यार्थी केवळ गणितात मागे पडला, तर मराठी, इतिहास व विज्ञान येत असूनही तो समाजात ‘नापास’ ठरतो. त्याला जे येते त्याची स्वतंत्र नोंद देणारे विषयवार प्रमाणपत्र मिळेल, तेव्हाच ही परीक्षा खऱ्या अर्थाने ‘शालान्त’ होईल, असे म्हणता येईल.