तलावात मासे सोडण्याआधी ग्रीन नदीची गोष्ट वाचा

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका तलावात मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम झाला. मलाही पाहुणा म्हणून बोलावलं होतं. नारळ फुटला, फोटो झाले, पिशव्यांतली पिल्लं पाण्यात सोडली. एक पिशवी माझ्याही हातात होती. तेवढ्यात सातवी-आठवीतल्या एका पोराने विचारलं, "काका, या पाण्यात आधी कुठले मासे होते?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. उत्तर कोणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नाही.

घरी आल्यावर मला अमेरिकेतली ग्रीन नदी आठवली.

मुलगी-जावई तिकडे युटा राज्यात असतात. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा जावयाने हौसेने ट्राऊट धरायला नेलं. जागा फ्लेमिंग गॉर्ज धरणाच्या पायथ्याशी. लहानपणापासून कुंडलिकेवर गळ टाकलाय, त्यामुळे म्हटलं यात काय शिकायचंय! पहिल्या तासातच नक्षा उतरला.

आपल्या गळाला शिसं असतं, त्या वजनावर दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही. वजन असतं जाड दोरीला. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. मी थांबतच नव्हतो. किडा सारखा माझ्याच टोपीत. शिकवणारा म्हणाला, हातातलं बळ विसरा. दुसरा धडा असा, की किडा प्रवाहाच्या वेगानेच वाहिला पाहिजे. दोरीने त्याला जरा ओढलं की ट्राऊट ओळखतो. म्हणून दोरी सारखी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकत राहायची. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा धडा: पाण्यात उभं राहताना काठावरच्या एका दगडावर खूण धरायची. खूण बुडाली की बाहेर. कारण हे धरणाचं पाणी आहे. विजेची मागणी वाढली की सेकंदाला ८०० घनफुटांचं पाणी ४,६०० पर्यंत जाऊ शकतं. भिऱ्याचं पाणी सुटलं की कोलाडला नदी कशी फुगते, हे पाहिलेल्याला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

पाणी मात्र काचेसारखं आणि बर्फासारखं. खाली तळाशी एकामागे एक ट्राऊट उभे, तोंडं सगळ्यांची प्रवाहाकडे. मी म्हटलं, काय निसर्ग आहे! शिकवणारा हसला. म्हणाला, यातलं जवळजवळ काहीच इथलं नाही. रेनबो ट्राऊट पॅसिफिककडच्या नद्यांतला, ब्राऊन ट्राऊट युरोपातला. मग नदीतले मूळचे मासे गेले कुठे, असं विचारल्यावर त्याने १९६२ सालची गोष्ट सांगितली. परत आल्यावर मी त्यावर बरंच वाचलं. ती अशी.

ग्रीन ही कोलोरॅडो नदीची मोठी उपनदी. मूळची गढूळ, उन्हाळ्यात कोमट, हिवाळ्यात गोठणारी, वसंतात बर्फ वितळला की दुथडी भरणारी. त्या पाण्याला सरावलेले मासे जगात दुसरीकडे नव्हते. त्यातला पाइकमिनो तर जवळपास सहा फुटांपर्यंत वाढायचा आणि अंडी घालायला शेकडो किलोमीटर प्रवास करायचा. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात ना, त्याचंच प्रचंड रूप समजा.

पण खात्याच्या कागदावर हे सगळे 'फालतू मासे' होते. हौशी लोकांना हवा होता ट्राऊट. धरण पुरं होत आलं, तेव्हा राज्य आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, की पाणी अडवण्याआधी नदी साफ करायची. सप्टेंबर १९६२ मध्ये ग्रीन आणि तिच्या उपनद्यांच्या सातशे किलोमीटरहून जास्त लांबीत रोटेनोन ओतलं, सुमारे ८१ हजार लिटर. रोटेनोन हे वनस्पतीच्या मुळांतलं विष. आपल्याकडे डोहात रामेठ्याची साल ठेचून टाकतात, त्याच जातीचा उद्योग. फक्त डोहाऐवजी अख्खी नदी.

काही मत्स्यशास्त्रज्ञांनी आधीच विरोध केला होता. रॉबर्ट रश मिलर हे त्यातलं मोठं नाव. त्यांना सांगण्यात आलं, की खाली ब्राऊन्स पार्कला पोटॅशियम परमँगनेट टाकून विष मारू, पुढच्या राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत थेंब जाणार नाही. विष गेलं. डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीतही मासे मेले. देशभर ओरड झाली. अंतर्गत व्यवहार खात्याचे (इंटिरियर) मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांना पुढच्या वर्षी जाहीर करावं लागलं, की यापुढे अशा मोहिमांत दुर्मिळ जातींचा विचार आधी होईल.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. एकट्या विषाने ते मासे संपले नाहीत. खालच्या भागात काही उरले होते. खरा घाव धरणाने घातला. तळातून सुटणारं पाणी वर्षभर थंडगार, गाळ मागे अडलेला, वसंतातला पूर बंद. मूळच्या माशांना अंडी घालायला ऊबच उरली नाही. पाणी इतकं थंड, की आणलेला ट्राऊटही धड वाढेना. शेवटी १९७८ मध्ये धरणाला वेगवेगळ्या खोलीवरून पाणी घेणारी यंत्रणा बसवली, तेव्हा ती नदी ट्राऊटसाठी नावाजली. म्हणजे मी ज्याला निसर्ग म्हणत होतो, ते तापमानसुद्धा माणसाने बसवलेलं होतं.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९६७ मध्ये अमेरिकेने संकटातल्या प्राण्यांची पहिली यादी काढली, त्यात पाइकमिनो होता. १९७३ मध्ये कडक कायदा आला. आणि आज त्याच धरणातून वसंतात पाणी सोडताना खालच्या मूळ माशांचा विचार करावा लागतो. ज्यांना फालतू म्हणून विष घातलं, त्यांच्यासाठी आता पाण्याचं वेळापत्रक ठरतं.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत झालं, आपल्याला काय त्याचं?

आपलं ऐका. महसीरची एक जात कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदली. तिचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. पुढे धरणांनी आणि घाण पाण्याने ती कमी झाली, तेव्हा लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात तिची पैदास सुरू झाली. काम चांगलं, हेतूही चांगला. पण तिथली पिल्लं हौशी मासेमारीसाठी कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा एक महसीर होता, कुबडवाला, आकाराने प्रचंड. बाहेरून आलेल्या महसीरने तिथे जम बसवला आणि मूळचा हटत गेला. त्याला शास्त्रीय नाव मिळालं २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. इथे कोणी विष ओतलं नव्हतं. सगळे भलंच करायला गेले होते. आमच्यासारखेच, हातात पिशवी घेऊन.

याच्या उलट आपल्याच जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड आहे. देवीच्या नावाने राखलेला डोह. तिथे महसीर कोणी मारत नाही. कुठलंही बी न सोडता, नुसता डोह राखून मासे टिकलेत.

माझा मत्स्यबीजाला सरसकट विरोध नाही. तलावावर पोट असलेल्यांना मासा हवाच. पण पिशवी फोडण्याआधी तीन प्रश्न विचारा. या पाण्यात आधी कोण राहतं? जे सोडतोय ते कुठलं आहे? आणि पावसात तलाव भरून वाहिला, तर ते पुढे कुठल्या नदीत जाईल?

त्या पोराला मला उत्तर द्यायचंय. म्हणून एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या वेळी आपल्या ओढ्यात, तलावात, वलगणीला कुठले मासे यायचे. मरळ, वाम, मळे, शिंगाळे, आणखी जी नावं निघतील ती, गावाच्या नावासकट खाली लिहा. मी वही घातली आहे. पुढच्या कार्यक्रमाला ती घेऊन जाणार आहे.