काजव्यांचीं कुळें

इगतपुरीचें नांव घेतलें कीं मुंबईकरांस थळघाट आठवतो. 1865 सालीं आगगाडी हा घाट चढून येथवर आली, आणि तेव्हांपासून थंड हवेसाठीं येथें उतरणारांची रीघ लागली. अलीकडे मात्र मे महिन्याच्या अखेरीस जे येथें उतरतात त्यांतले पुष्कळसे गांवांत थांबत नाहींत. घोटीवरून ते भंडारदऱ्याकडे वळतात, आणि घाटघर, साम्रद, रतनवाडी ह्या बाजूच्या हिरड्या-बेहड्यांवर, सादड्यांवर व जांभळींवर रात्रीं दिसणारी काजव्यांची आरास पाहून परततात. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो, व 1972 च्या वन्यजीव कायद्यान्वयें तेथील किडासुद्धां परवानगीवांचून नेतां येत नाहीं. काजवा हा भुंगेऱ्यांच्या जातींतला; तेव्हां त्यासही सरकारी संरक्षण लाभलें आहे. परंतु हें संरक्षण नेमकें कशाचें? झाडावरील उजेडाचें, कीं तो उजेड देणाऱ्या कुळाचें?

आपल्या भाषेनें ह्या किड्यास फारसा मान दिलेला नाहीं. 'सूर्यापुढें काजवा' एवढीच त्याची योग्यता! शास्त्रज्ञांनीं मात्र त्याची उपेक्षा केली नाहीं. गेल्याच्या मागील शतकांत राफाएल द्युबुआ ह्या फ्रेंच पंडितानें दाखविलें कीं, असा थंड प्रकाश दोन द्रव्यांच्या संयोगानें उत्पन्न होतो. आणि 1985 सालीं अमेरिकेंत त्यांपैकीं एका द्रव्याची घडण ठरविणारें जनुक वेगळें काढण्यांत आलें. हा प्रकाश शोभेसाठीं नसतो. तो नराचा मादीस दिलेला संकेत असतो, आणि त्याचा ताल चुकला तर संकेत व्यर्थ जातो.

ताल आणि कूळ यांचा संबंध जपानांत उत्तम तपासला गेला आहे. तेथील गेंजी नांवाचा काजवा ही एकच जात. तरी पश्चिमेकडील नर सुमारें दोन सेकंदांनीं चमकतो, पूर्वेकडील सुमारें चार सेकंदांनीं. 2002 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, केवळ मातेकडून संततीस मिळणाऱ्या डीएनएच्या आधारें, निरनिराळ्या प्रांतांतील ह्या काजव्यांचे मातृवंश निरनिराळे असल्याचें आढळलें. दिसावयास सारखे, परंतु घराणीं वेगळीं.

मोरियामा येथील काजव्यांस 1924 सालीं राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. पण शहरांतील हौशी लोकांसाठीं व्यापारी ते पकडून विकीत आलेच होते, आणि पुढें नद्याही बिघडल्या. 1960 सालीं तो दर्जा काढून घ्यावा लागला. ठेवाच उरला नव्हता!

नागानो प्रांतांतील तात्सुनो गांवीं याच्या उलट घडलें, आणि तें आम्हांस अधिक चिंतेचें वाटतें. तेथें काजवे पुष्कळ दिसावे म्हणून 1960 नंतरच्या दशकांत पश्चिमेकडील शिगा प्रांतांतून काजवे आणून ओढ्यांत सोडण्यांत आले. ते वाढले, प्रेक्षक खूष झाले. पुढें ताल व डीएनए तपासले तेव्हां उघड झालें कीं, त्या प्रसिद्ध दरींत चमकतात ते पाहुण्यांचे वंशज. मूळचा संथ चमकणारा काजवा तेथें जवळजवळ नाहींसा झाला आहे. जूनमधील उत्सव अजून थाटानें होतो, आणि प्रेक्षकांस कांहीं गमावल्याची शंकाही येत नाहीं.

भंडारदऱ्याच्या वाटेवर आज मोटारींचे दिवे काजव्यांच्या संकेतांत व्यत्यय आणतात. ज्या ओल्या मातींत त्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात ती पायांखालीं तुडवली जाते. वनखात्यानें प्रवेशाच्या वेळा बांधल्या आहेत, हें योग्यच आहे. मात्र एखाद्या वर्षीं झाडें फिकी दिसूं लागलीं म्हणजे कोणा उत्साही गृहस्थास दुसऱ्या घाटांतून काजवे आणून सोडण्याची बुद्धि होईल, आणि वर्तमानपत्रें त्याची स्तुतिही करतील. त्याआधीं घाटघरचा, साम्रदचा, रतनवाडीचा काजवा किती वेळानें चमकतो तें दरीदरींतून टिपून ठेवावें, व प्रत्येक दरींतल्या थोड्या काजव्यांचे डीएनए तपासावे. एका काजव्याचा एक पाय एवढ्या कामास पुरतो.