ठिणगीचं शहाणपण

आमच्या शहरात पाहुणे आले की मलिक अंबरची नहर, पाणचक्की, बीबी का मकबरा एवढं दाखवलं म्हणजे इतिहास संपला असं आपण समजतो. वर्गात मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. पण या शहराचा एक इतिहास अगदी आपल्या डोळ्यांदेखत घडला, आणि तो पाठ्यपुस्तकात नाही. तो आहे वाळूजचा.

5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. बघता बघता कंपनीच्या बसेस गल्लोगल्ली फिरू लागल्या आणि दिवसपाळी-रातपाळी हे शब्द घराघरात आले. मी बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. यंत्राशी माझा संबंध आमच्या ह्यांच्या चेतकच्या मागच्या सीटपुरता. पण त्या सीटवरून मला एक गोष्ट कळली. गाडी पेट्रोलवर चालते हे खरं, पण सुरू होते ती ठिणगीवर.

आता ही ठिणगी म्हणजे काय, पहा. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. ते अगदी योग्य प्रमाणात आणि स्थिर असेल तर पेटायला एक मिलिज्यूलसुद्धा ऊर्जा लागत नाही. पण धावत्या इंजिनात मिश्रण घुसळत असतं, कधी पातळ तर कधी दाट. म्हणून प्रत्यक्षात तीस-चाळीस मिलिज्यूलची तजवीज ठेवावी लागते. मग सरळ खूप जास्तच का देऊ नये? तर प्लगची टोकं झिजतात आणि कॉइल तापते. म्हणजे प्रश्न दोन : ठिणगी कधी पाडायची आणि किती जोराची पाडायची.

जुन्या चेतकमध्ये या दोन्ही प्रश्नांचं उत्तर चौकातला मेकॅनिक देत असे. ठिणगी पडायची ती सीबी पॉइंट उघडले की. त्यांच्यातली फट अर्धा मिलिमीटरच्याही आत, आणि ती नीट राखली तरच गाडी धड चालायची. पावसाळ्यात किक मारून पाय दुखायचे, स्कूटर आडवी करून व्हायची, आणि शेवटी प्लग काढून इंजिनला टेकवून "करंट येतोय का" ते पाहिलं जायचं. मेकॅनिक प्लगचा रंग बघून निदान करी. काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरट म्हणजे इंजिन तापतंय, बिस्किटी म्हणजे प्रकृती ठणठणीत. पॉलिश पेपरने पॉइंट घासले की गाडी सुरू! वैद्याने जीभ पाहावी तसंच ते.

जगात हा शोध जुनाच. जर्मनीत बॉशच्या कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवरची पद्धत 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आली. पुढची कितीतरी दशकं साऱ्या जगाने पॉइंटच घासले. मग सीडीआय नावाची डबी आली. घासायला काही उरलं नाही. बिघडली की बदला.

त्यानंतरची उडी मात्र आपल्या महाराष्ट्रातली. 2003 मध्ये बजाजने पल्सरला डीटीएस-आय दिलं : एका सिलिंडरला समोरासमोर दोन प्लग, आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारी छोटी चिप. दोन्हीकडून ज्योत पसरते, त्यामुळे प्रत्येकीला कमी अंतर कापावं लागतं आणि मिश्रण लवकर व पुरतं जळतं. इंजिनाचे फेरे आणि थ्रॉटल बघून चिप वेळ बदलते. "कधी"चा निर्णय माणसाच्या हातातून डबीत गेला तो असा.

आणि लगेच भांडण लागलं, ते थेट न्यायालयात! लहान इंजिनातल्या दोन प्लगच्या रचनेचं पेटंट बजाजला 2005 मध्ये मिळालं होतं. 2007 च्या अखेरीस टीव्हीएसने दोन प्लगची फ्लेम आणली. मद्रास उच्च न्यायालयाने 2008 मध्ये मनाई केली, 2009 मध्ये खंडपीठाने ती उठवली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथे टीव्हीएसला विक्रीची मुभा राहिली आणि असे दावे रखडू न देता निकाली काढा असं बजावलं गेलं. तरी तडजोड व्हायला 2019 उजाडलं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्याबरोबर "किती"चाही हिशेब संगणकाकडे गेला. बॅटरी उतरलेली असेल तर तो कॉइल थोडा जास्त वेळ भरतो, भरपूर असेल तर कमी. 2024 मध्ये बजाजने फ्रीडम ही सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. सीएनजी पेट्रोलपेक्षा हट्टी, त्याला जास्त जोराची ठिणगी लागते. इंधन बदललं की ठिणगीनेही बदलायला हवं. आम्ही शिक्षक तरी वेगळं काय करत होतो? एका शब्दात पेटणारी मुलं वेगळी आणि दहादा सांगावं लागणारी वेगळी.

माझा एक विद्यार्थी चौकात गॅरेज चालवायचा. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, आधी गाडी माझ्याशी बोलायची. आता ती लॅपटॉपशी बोलते, आणि तो लॅपटॉप माझ्याकडे नाही." दुकान त्याने मुलाकडे दिलंय, तिथे आता हेल्मेटं आणि सीट कव्हरं मिळतात.

पेट्रोल वाचलं, धूर कमी झाला, पावसात पाय दुखत नाहीत. हे सगळं चांगलंच आहे आणि मला जुनी किक परत नको. पण पेटंटचा कागद कचेरीत जपून ठेवला जातो, आणि बिस्किटी रंग ओळखणाऱ्या डोळ्यांची नोंद कुठेच होत नाही. शहाणपण दोघांचंही होतं ना? वाळूजला चाळीस वर्षं होऊन गेली. ज्यांनी तिथे पाळ्या केल्या, ज्यांनी चौकात पॉइंट घासले, त्यांच्याशी बोलून कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं. नातेवाइकांपैकी बरेच जण वाळूजचे आहेत, तेव्हा सुरुवात घरातूनच करा. मी वही घेऊन तयार आहे.